मीठ तेवढं बरोबर पडलंय

मराठी माणूस समोर आलेल्या पदार्थाची स्तुती करत नाही, चौकशी करतो. थालीपीठ ताटात पडलं की भाजणी घरची का, हा पहिला प्रश्न. घरची असेल तर धणे भाजून घातले की तसेच, हा दुसरा. तिसरा घास संपेपर्यंत बार्शीच्या आत्याकडे लहानपणी खाल्लेल्या थालीपिठाची हकिकत सुरू होते आणि ताटातलं थालीपीठ गार होत होत हरतं. हजर पदार्थ आणि गैरहजर पदार्थ यांच्या सामन्यात हजर पदार्थ जिंकल्याचं ऐकिवात नाही. जेवणं उरकून हात धुताना यजमानीणबाई फारच आशेनं बघायला लागल्या, तर "मीठ तेवढं बरोबर पडलंय" एवढं प्रशस्तिपत्र मिळतं. त्यावर त्या पुढची दोन वर्षं काढतात.

अशा लोकांनी एकत्र येऊन खाद्यपदार्थांचं रसग्रहण करणारं मंडळ काढावं आणि ते वर्षभर टिकावं, हा चमत्कार डोंबिवलीत घडला. तो तिथंच घडू शकतो. हे गाव सकाळी फास्ट लोकलला लोंबकळत मुंबईला जातं आणि रात्री परतताना स्टेशनाबाहेरच्या पोळीभाजी केंद्रातून सहा पोळ्या नि पाव किलो भेंडीची भाजी घेऊन घरी पोचतं. स्वयंपाकाला वेळ नसला की स्वयंपाकाबद्दल बोलायला भरपूर हुरूप उरतो. शिवाय कोकण, देश, खान्देश, विदर्भ, सगळीकडून इथं माणसं आलेली. प्रत्येकानं सामानाबरोबर एक "आमच्याकडे" आणलेलं.

आमच्या मंडळात देवगडचे काका आहेत, जळगावच्या वहिनी आहेत, नागपूरच्या मावशी आहेत. शाकाहारी जेवणाला एकंदरीतच तोंडी लावणं समजणारे कोल्हापूरचे साहेब आहेत. पुण्याहून आलेल्या काकू आहेत. त्यांना येऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्या अजून "पुण्याहून आलेल्या"च आहेत, आणि ते त्यांना आवडतं. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी एक जाडजूड वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले: पदार्थ, केलेलं प्रमाण, अभिप्राय, उरलेलं प्रमाण. "जमा आणि खर्चाचा मेळ बसला पाहिजे," म्हणाले. खाण्यात कसला मेळ, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

वर्षाची सुरुवात अर्थातच चैत्रात, आंबेडाळ आणि पन्ह्यानं. ज्यांना वाटतं की पन्ह्यावर मतभेद होऊ शकत नाहीत, त्यांनी पन्हं एकट्यानं प्यालेलं असावं. कैरी उकडून गर काढायचा की कच्ची किसून पिळायची, इथून फाटाफुटीला सुरुवात झाली. मग गूळ की साखर. मग वेलची की केशर. नागपूरच्या मावशींनी "आमच्याकडे उन्हाळा खरा असतो, म्हणून पन्हंही खरं असतं" असं सांगून हवामानखातंही वादात ओढलं. आंबेडाळीबद्दल काकूंचं मत पडलं की डाळ भरड हवी होती, ही पिठलं व्हायच्या वाटेवर आहे. वहीत नोंद झाली: "कैरी कमी. डाळ बारीक. फोडणीत हिंग कळत नाही." चौथ्या रकान्यात सेक्रेटरींनी काहीतरी लिहिलं, कोणी पाहिलं नाही.

वैशाखात हापूस. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून देवगडचे काका आंब्याबद्दल बोलताना उभे राहतात. पेट्यांवर "देवगड" लिहिलेलं असतं आणि आत कर्नाटकातला आंबा असतो, ही त्यांची कायमची व्यथा. म्हणून परीक्षा ठरली. साली काढून फोडी केल्या, बशांना क्रमांक दिले, कोणती फोड कुठली याच्या चिठ्ठ्या सेक्रेटरींकडे. काकांनी चार नंबरची फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कर्नाटकी! सालीवरून कळतं." साल नव्हती, हे कोणाच्या लक्षात यायच्या आत चिठ्ठी उघडली गेली. चार नंबर हा काकांनी स्वतःच दिलेल्या पेटीतला, त्यांच्या सख्ख्या भावाच्या बागेतला होता. दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. काकांनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला आणि खत कधी बदललंस म्हणून झाडायला सुरुवात केली. तेवढ्यात कोल्हापूरचे साहेब रसाचा खरा आंबा पायरी असं म्हणाले. पुढचा पाऊण तास मंडळाची अवस्था नाजूक होती. रसाचं पातेलं मात्र या पाऊण तासात दोन्ही पक्षांनी मिळून खरवडलं.

ज्येष्ठात पाऊस यायच्या आत वाळवणांचा "शैक्षणिक कार्यक्रम" झाला. नव्या पिढीला कुरडया कशा करतात ते दाखवायचं होतं. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून पिळून चीक काढला, रात्रभर निवू दिला, वरचं पाणी ओतून तो आधणात शिजवला. यानंतर तो सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या, अशी शास्त्रोक्त पद्धत. पण शिजलेल्या गरम चिकाला जो वास येतो, त्यापुढं शास्त्र टिकत नाही. "चव बघू" म्हणून एकेक वाटी काढली गेली. कोणी दूध-साखर घातली, कोणी तूप. चीक जरा जास्त शिजलाय, यावर एकमत झालं. गच्चीवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर अकरा कुरडया पडल्या. नव्या पिढीनं त्यांचे फोटो काढले.

मग आषाढ, आणि आषाढातली कांदेनवमी. एकादशीला चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगी बंद. म्हणून शुद्ध नवमीला कांद्याला पोटभर निरोप द्यायचा, अशी ही सोय. आमच्या मंडळात चातुर्मास पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कांदेनवमी पाळणारे झाडून सगळे. निरोप पुन्हा भेटणार असलो तरी जोरातच द्यावा, असा उदार विचार त्यामागं आहे. खेकडा भजी झाली. उभा चिरलेला कांदा मीठ लावून ठेवायचा, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन भिजवायचं, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी करणारीच्या मागं सातजण उभे राहून तेच सांगत होते. भज्यांबद्दल अभिप्राय: "ओवा जास्त." "ओवा कमी." दोन्ही एकाच घाण्याबद्दल.

श्रावणात सात्त्विक कार्यक्रम हवा म्हणून खाद्यसंस्कृतीच्या एका अभ्यासकांचं व्याख्यान ठेवलं. त्यांनी 1875 सालच्या रामचंद्र सखाराम गुप्त्यांच्या 'सूपशास्त्र'पासून सुरुवात केली, 1910 च्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'मधल्या हजार पाकक्रियांवरून 1970 च्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'पर्यंत आले. 'रुचिरा'चं नाव निघताच काकूंनी हात जोडले. इथपर्यंत सारं सुरळीत होतं. दिवस सोमवारचा, लोकांच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा. वक्त्यांनी सहज सांगितलं, "आपण जी खिचडी खाताय ना, तीत साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला, मिरचीही तिथली. पोर्तुगीजांमुळं हे सगळं आपल्याकडं आलं."

सभेत शांतता पसरली. एवढा शंकराचा सोमवार, आणि सगळा उपास परदेशी मालावर! काकांनी चाचरत विचारलं, "रताळं?" तेही अमेरिकेतलं. "मग आपलं काय?" वरी आपली, असं समजल्यावर जरा धीर आला, पण वरी कोणी केली नव्हती. "म्हणजे आपल्याकडं शतकानुशतकं राहणारा कांदा उपासाला चालत नाही, आणि काल जहाजातून उतरलेला बटाटा चालतो!" कोल्हापूरच्या साहेबांना संधी मिळाली. या प्रश्नाला वक्त्यांकडंही उत्तर नव्हतं. शेवटी काकूंनी विषय मार्गावर आणला: खिचडीत कोथिंबीर घातली आहे, ती उपासाला चालते का? त्यावर मात्र सगळे हिरिरीनं बोलले. काहींनी कोथिंबीर वेचून बाजूला ठेवली. खिचडी कोणीच ठेवली नाही.

भाद्रपदात मोदकांची स्पर्धा. आंबेमोहोराची पिठी, सुबक पारी, टोकदार नाक आणि कळ्या जितक्या जास्त तितके गुण. नागपूरच्या मावशींनी तळणीचे मोदक आणले आणि "उकडीचे म्हणजे आजाऱ्याचं खाणं" असं जाहीर करून स्वतःला स्पर्धेबाहेर काढून घेतलं. परीक्षकांनी भिंग घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. पहिल्या मोदकाला अकरा कळ्या, त्याच अंतरानं. दुसऱ्या स्पर्धकाच्या मोदकाला अकरा. तिसऱ्याच्याही अकरा, नाकाचा बाकही डावीकडंच. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्राचं नाव कोणी उच्चारलं नाही, पण एका परीक्षक बाई बोलून गेल्या, "अंगारकीला त्यांचे याहून बरे असतात." स्पर्धेचं बक्षीस विभागून देण्यात आलं. सारण गोडाला अंमळ जास्त होतं, असा शेरा पडला.

पितृपक्षात मंडळाचा कार्यक्रम नसतो. पण वडे, खीर आणि आमसुलाची चटणी यांनी त्या पंधरवड्यात सभासदांना घरोघरी गुंतवून ठेवलं. दिवंगतांच्या आवडीनिवडींचा एवढा बारकाईनं विचार फक्त आपणच करतो. कोजागिरीला दूध आटवलं. चंद्र वेळेवर आला, दूध उशिरा.

दिवाळीला चकल्या-करंज्या सगळेच करतात, म्हणून कार्यकारिणीनं अनारशांना हात घातला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, सावलीत कपड्यावर पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचं. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचं आणि उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. एवढ्या तपश्चर्येनंतरही अनारसा कढईत फसकन पसरला तर त्याला "हसला" म्हणतात. मावशींचा पहिला अनारसा कढईत पडला आणि मनमोकळा हसला. कढईभोवती जमलेल्यांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. पीठ मुरलं नाही. नाही, फार मुरलं. तूप गार आहे. तूप तापलंय. पिठात केळं कालवा. थोडी पिठी लावा. मावशींनी प्रत्येकाचा उपाय प्रामाणिकपणे करून पाहिला आणि प्रत्येक नवा अनारसा आधीच्यापेक्षा जास्त हसला. तासाभरात परातीत खसखस घातलेला सोनेरी, कुरकुरीत चुरा जमा झाला. पदार्थ फसला, हे सर्वांनी चमच्या-चमच्यानं मान्य केलं. परात मावशींना घासावी लागली नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत. जळगावच्या वहिनी वर्षभर याच दिवसासाठी गप्प बसल्या होत्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. हिरवट पांढरं, लांबरुंद, बिया कमी. जांभळ्या वांग्याला वहिनी वांगं मानतच नाहीत. ते गॅसवर भाजणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्याच हव्यात. डोंबिवलीत सगळं मिळतं, तुरीच्या काड्या मिळत नाहीत. वहिनींच्या दिरांनी वांग्यांचं पोतं आणि काड्यांचा भारा घेऊन रात्रीची गाडी पकडली. तिकीट तपासनीसानं भारा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मग पोत्याकडं पाहिलं. "भरीत का?" त्यानं हळूच विचारलं. तो भुसावळचा निघाला. कल्याण येईपर्यंत त्यानं दिरांना मिरची कशी भाजावी ते सांगितलं.

गच्चीवर जाळ पेटला, धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला. सोसायटीचे अध्यक्ष तक्रार घेऊन वर आले आणि ताट घेऊन बसले. भाजलेली वांगी सोलून लाकडी काठवटीत ठेचली, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप पडले. आणि त्याच क्षणी काकूंनी निरागसपणे विचारलं, "दही नाही घालायचं?" वहिनींचा मुसळ धरलेला हात थांबला. "दही घातलं की ती कोशिंबीर होते, काकू." खान्देश आणि पुणे यांच्यात अशी थेट चकमक इतिहासात झाली असल्यास कल्पना नाही, गच्चीवर झाली. तह असा ठरला की काकूंनी आपल्या वाटीत आपलं दही घालावं आणि पाठ फिरवून खावं. अभिप्राय: "तेल फार." हे लिहून घेताना सेक्रेटरींच्या बोटाचं तेल वहीला लागलं, तो डाग अजून आहे.

पौषात मंडळ हुरड्याला सोलापूर रस्त्यावरच्या एका शेतावर गेलं. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, तिच्या धगीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि तळहातावर चोळून गरमागरम दाणे पुढ्यात टाकायचे. शेताच्या मालकांनी गूळभेंडी आणि सुरती यांतला फरक समजावून सांगितला. शहरातली माणसं गंभीरपणे माना डोलावत होती आणि दोन्ही हातांनी खात होती. वर पाणी पिऊ नका, ताक प्या, असं सांगितल्यावर ताकाचाही फडशा पडला. परत येताना बसमध्ये सर्वानुमते ठरलं की आता पूर्वीसारखा हुरडा राहिला नाही. पूर्वी कधी खाल्ला होता, हे विचारायचा शिष्टाचार आमच्यात नाही.

याच थंडीत ती घटना घडली. काकूंची सून मंडळात नवीन आलेली. घरून ऑफिसचं काम करणारी, उत्साही मुलगी. तिनं नाचणी, ओट्स आणि जवसाचा केक केला. साखर नाही, मैदा नाही, लोणी नाही. गोडवा खजुराचा, तोही बेताचा. केक वाटला गेला आणि मंडळात कधी न घडलेली गोष्ट घडली: कोणी एकही प्रश्न विचारला नाही. "छान आहे," काका म्हणाले. "वेगळाच," मावशी म्हणाल्या. "पौष्टिक!" "हलका!" "आजच्या काळाची गरज!" कोल्हापूरचे साहेबसुद्धा "उत्तम" म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. कोणालाही आपल्या आत्याची आठवण झाली नाही. ज्याला त्याला एकदम घरी नातवंडं असल्याचं सुचलं आणि तुकडे कागदी रुमालात गुंडाळले गेले. जाताना ते रुमाल टेबलावरच विसरले. सून हरखून गेली. काकूंचा चेहरा मात्र उतरला. त्या या गावात चाळीस वर्षं राहिल्या होत्या. त्यांना भाषा कळत होती.

फाल्गुनात होळीनंतरच्या रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा. सेक्रेटरींनी वही उघडून अहवाल वाचायला घेतला. आंबेडाळ: डाळ बारीक, कैरी कमी, उरले शून्य. आमरस: आंबा संशयास्पद, उरले शून्य. चीक: जास्त शिजला, उरले शून्य, कुरडया अकरा. भजी: ओवा जास्त व कमी, उरले शून्य. खिचडी: मूळ परदेशी, उरले शून्य, कोथिंबीर अर्धी वाटी. अनारसे: पूर्ण फसले, उरले शून्य. भरीत: तेल फार, उरले शून्य. सभागृह अस्वस्थ व्हायला लागलं. "ओट्स-नाचणी केक," सेक्रेटरी पुढं वाचत गेले, "अभिप्राय उत्तम, एकमतानं. केला दीड किलो. उरला सव्वा किलो."

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसानं वर्षाचा मेळ बसवला होता. आम्ही ज्याला नावं ठेवली ते चाटूनपुसून खाल्लं, आणि ज्याची तोंडभर स्तुती केली ते टेबलावर ठेवून आलो. आपल्याकडं दोष काढायलाही आपुलकी लागते. ज्या पदार्थाशी काही देणंघेणंच नाही, त्याच्या फोडणीत हिंग कळला काय आणि न कळला काय! साहेबांनी लगेच ठराव मांडला की अभिप्रायाचा रकाना खोडून टाकावा, तो दिशाभूल करतो. ठराव फेटाळला गेला. अभिप्राय द्यायचा नसेल तर माणसानं नुसतंच जेवायचं का, हा काकांचा प्रश्न बिनतोड होता.

इतक्यात पुरणपोळ्या आल्या. सुनेनं केलेल्या, पहिल्यांदाच, एकटीनं, सासूला स्वयंपाकघरात येऊ न देता. कडेपर्यंत पुरण, वर तूप, बाजूला कटाची आमटी. पहिला घास गेला आणि मावशी म्हणाल्या, "जायफळ कळत नाही गं." काकांना वेलची जास्त वाटली. वहिनींनी सांगितलं की आमच्याकडं खापरावर हिच्या दुप्पट मोठी करतात आणि हातावरच मोठी करत नेतात, लाटणं लावत नाहीत. साहेबांचं मत, गुळात साखर मिसळलेली दिसते. कटाची आमटी पातळ. नाही, दाट. अध्यक्षांच्या काकीच्या पुरणपोळीला दोन दिवस वास यायचा. सगळे एकाच वेळी बोलत होते. सुनेच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

काकू उठल्या. वर्षभरात प्रथमच त्यांची मान ताठ दिसत होती. सुनेच्या पाठीवर हात ठेवून त्या सभेला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीसाठी मी हिचं नाव सुचवते." सेक्रेटरींनी अनुमोदनासाठी हात वर करायला सांगितलं. एकाचाही हात मोकळा नव्हता. त्यांनी ते एकमत धरलं आणि स्वतःसाठी आणखी एक पोळी मागितली.